पांढऱ्या डब्याचा रकाना

त्या गाण्यात दोन मिनिटं अकरा सेकंदांनी गाणारा थांबतो. मागे फक्त ढोल उरतो आणि पडद्यावर रंगीत ठिपके इतक्या दाटीने खाली येतात की बटणं दाबताना श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. चार-पाच सेकंदांचाच तुकडा. पण घरच्या काळ्या डब्यावर मी तो इतक्या वेळा वाजवला होता की स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी आई तो तुकडा आला की लाटणं थांबवायची आणि संपला की पुन्हा सुरू करायची. मी चुकले तर तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. "गेलं," एवढंच ती आतून म्हणायची.

डबा म्हणजे गेम खेळायचा कन्सोल. जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये सगळे डबाच म्हणत. आमचा गेम संगीताचा होता. गाणं सुरू झालं की ठिपके वरून खाली येतात आणि रेषेवर पोचले की त्या रंगाचं बटण दाबायचं. वेळेवर दाबलं तर गाणं नीट वाजतं, चुकलं तर खरडल्यासारखा आवाज येतो, आणि फार चुकलं तर गाणं मध्येच तुटून पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो करतात. आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी पहिलीत होते, आणि हे सगळं घडलं तेव्हा अकरावीत. वर्गात माझा आवाज हजेरीपुरता निघायचा. इंग्रजी शाळेत बारा वर्षं काढूनही चारचौघांत इंग्रजीचं एक वाक्य बोलायचं म्हटलं की मी ते आधी मनात तीनदा म्हणून बघायची, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. त्या गेममध्ये मात्र मला कुणाशी काही बोलावं लागत नव्हतं.

दिवाळीत आम्ही साकोलीला मावशीकडे गेलो. मावसबहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. त्यांच्या मोबाइलच्या दुकानात ती काउंटरवर बसायची. तिच्याकडे हातात धरून खेळायचा छोटा डबा होता आणि त्यात तोच गेम, तेच गाणं. मी खेळायला घेतलं. गाणारा थांबला, माझी बोटं दाबायला लागली, आणि पडद्यावर काहीच आलं नाही. रिकामा पट्टा नुसता सरकत होता आणि मी हवेत बटणं बडवत होते.

"काय करून राहिली तू?" मावसबहीण म्हणाली. "काहीच नाही तिथं."

"इथे ठिपके असतात."

"माह्या डब्यात नसतात. तुह्या घरचे ठिपके इथं कायले येतीन?"

तिने ते हसत म्हटलं, पण माझ्या डोक्यातून जाईना. एकच गाणं, एकच नाव, खोक्यावर एकच चित्र, आणि आतला सगळ्यात चांगला तुकडा काढून घेतलेला. वर कुठे लिहिलेलंही नाही. मी तिचा छोटा डबा महिनाभरासाठी मागून आणला. मागितला म्हणजे आईने मागितला, मी मागे उभी होते.

घरी मी एका लांब वहीत रकाने आखले. पहिला काळ्या डब्याचा, दुसरा हातातल्या डब्याचा. गाणारा किती वेळाने थांबतो आणि त्या तुकड्यात किती ठिपके येतात, एवढंच मोजायचं होतं. एकेकदा मोजून मी बाबांना वही दाखवली, कारण मोजमाप हे आमच्या घरात बाबांचं खातं होतं. बाबा सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होते. काय तपासतात हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही, तसं सांगायची परवानगी नव्हती. कसं तपासतात हे मात्र रोज सांगायचे.

"किती वेळा मोजलं?" त्यांनी विचारलं.

"एकदा."

"एकदा मोजनं म्हंजे पाहनं झालं. पाच वेळा मोज. पाची वेळा लिव. आकडा बरोबर वाटला नाही तरी लिव, खोडू नको."

मग मी पाच-पाचदा मोजलं. ठिपके मी खेळता खेळता मनात मोजायची आणि वेळ आई घ्यायची. ती दारात उभी राहून मोबाइलमधलं घड्याळ धरायची आणि गाणारा थांबला की पिठाच्या अंगठ्याने ते थांबवायची. काळ्या डब्याच्या रकान्यात सतरा, सतरा, सोळा, सतरा, सतरा असे ठिपके आले. वेळ कधी दोन मिनिटं अकरा पूर्णांक चार सेकंद, कधी अकरा पूर्णांक एक, कधी अकरा पूर्णांक सहा. हातातल्या डब्यात ठिपके शून्य आणि गाणारा पावणेदोन मिनिटांतच थांबलेला. म्हणजे मधलं एक कडवंही कापलं होतं. हे मी शोधलं होतं. दुसऱ्या कुणी शोधलं असेलही, पण मला ते कुठे लिहिलेलं सापडलं नव्हतं.

तेव्हा इंटरनेटवर गेमबद्दल लिहिणाऱ्यांची एक हौशी साइट मी वाचायची. ती चालवणारा मुलगा कुठल्यातरी मोठ्या शहरातला होता. मी तिथे मुलगी की मुलगा हे कळणार नाही अशा नावाने होते. दोन रकान्यांची तुलना इंग्रजीत लिहून मी त्याला मेल केलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. भारी लिहिलं आहेस ब्रो, असं फार कुणी करत नाही, पण हा गेम पांढऱ्या कन्सोलवरही आहे, तोही रकाना घाल, मग पुढच्या महिन्यात लावतो. ते मेल मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. शाळेच्या बाहेर, घराच्या बाहेर, माझं काहीतरी छापून येणार होतं, आणि त्यासाठी मला तोंड उघडावं लागणार नव्हतं असं मला वाटत होतं.

पांढरा डबा पूर्ण वसाहतीत एकाच घरी होता. आम्ही टाइप टू क्वार्टरमध्ये राहायचो. तो होता मैदानापलीकडच्या बंगल्यांत, एका मोठ्या साहेबांकडे. साहेब उत्तरेकडचे. त्यांचा मुलगा बाहेरगावी इंजिनीअरिंगला होता. तो डबा त्याचा, आणि तो नसताना त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, तो हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवला होता, चिनी मातीच्या हत्तींच्या शेजारी, वर भरतकामाचं कव्हर घालून. मला हे माहीत होतं कारण दर वर्षी नव्या वर्षाच्या भेटीला सगळ्यांना त्या हॉलमध्ये बसवत.

"तुम्ही विचारा ना साहेबांना," मी बाबांना म्हटलं.

"मी साहेबाले म्हनू, का माह्या पोरीले गेम खेळाचा आहे?" बाबांनी बूट घालता घालता माझ्याकडे पाहिलं. "तुले पाहिजे तं तू जा. घर काही कोसावर नाही." आणि ते फॅक्टरीच्या बससाठी निघून गेले.

मी गेले. पहिल्यांदा आईने दिलेला करंज्यांचा डबा घेऊन गेले. काकूंनी तो घेतला, मम्मी को थैंक्यू बोलना म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मी पायरीवर उभी राहून पुढचं वाक्य मनात म्हणत होते. आठ दिवसांनी रिकामा डबा आणायच्या निमित्ताने गेले. या वेळी त्यांनी आत बसवलं. त्यांच्या पुतणीचा कुठलासा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता आणि मी इंग्रजी शाळेतली. दीड तास मी तो फॉर्म भरला. पांढरा डबा समोर होता. कव्हरवर दोन मोर होते, एकाचा पाय शिवायचा राहिला होता.

फॉर्म संपल्यावर मी म्हटलं, "आंटी, वो गेम..."

"अरे वो," काकू म्हणाल्या. "वो हम लोग नहीं छूते बेटा, बिगड़ जाएगा. भैया आएगा छुट्टी में, तब आना. वो लगा देगा."

भैया संक्रांतीनंतर आला. मेल येऊन तोवर महिना उलटून गेला होता आणि साइटवाल्याने एकदा आठवण केली होती, ब्रो काय झालं म्हणून. मी वही आणि पेन घेऊन गेले. भैया नुकताच उठला होता. त्याने शोकेस उघडली, मोरांचं कव्हर बाजूला टाकलं, डबा मोठ्या चपट्या टीव्हीला जोडला, आणि सोफ्यावर बसून बटणांचा रिमोट स्वतःच्या हातात घेतला. मी शेजारच्या खुर्चीत बसले.

"कौन सा गाना?" त्याने विचारलं.

"तीसरा."

"देख, कैसे खेलते हैं," तो म्हणाला. आणि खेळायला लागला.

मला वाटलं, एकदा खेळेल आणि देईल. गाणं सुरू झालं. एक मिनिट झालं नाही तोच खरड, खरड, आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली. गाणं तुटलं. त्याने परत लावलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तो जरा पुढे गेला, सव्वा मिनिटापर्यंत, आणि मी पेनचं टोपण काढलं, आणि गाणं तुटलं. मला हवा असलेला तुकडा दोन मिनिटं अकरा सेकंदांवर होता. तो मुलगा तिथे पोचतच नव्हता.

चौथ्या वेळी माझी बोटं मांडीवर वहीखाली आपोआप दाबत होती. तो कुठे चुकणार ते मला चुकायच्या आधी कळत होतं. लाल, लाल, पिवळा, तो उशिरा दाबत होता, प्रत्येक वेळी उशिरा. हा इंजिनीअरिंगला आहे, मी मनात म्हणत होते, आणि याला एक, दोन, तीन मोजता येत नाही. दे इकडे. फक्त एवढंच म्हणायचं होतं. मुझे दीजिए. वाक्य मनात तयार होतं, तीनदा म्हणून झालं होतं, चौथ्यांदाही झालं.

"ये वाला वर्जन ही टफ है," भैया म्हणाला. "टाइमिंग खराब है इसका. तू लिख रही है ना? लिख दे, टाइमिंग खराब."

मी मान हलवली. काही लिहिलं नाही. सहाव्या वेळेनंतर त्याने रिमोट सोफ्यावर टाकला, मोबाइल घेतला आणि आत गेला. रिमोट माझ्यापासून हातभर अंतरावर पडला होता. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हो गया बेटा?"

मी म्हटलं, "हो गया, आंटी."

मैदानातून घरी येताना मी स्वतःशीच इतकी चिडले होते की समोरून येणाऱ्या शेजारच्या काकूंना ओळखही दिली नाही. भैयावरचा राग कमी होता. आपल्या हातात काही येत नाही याला नेहमी दुसरंच कुणीतरी कारण असतं, असं म्हणायची मला सवय होती. इथे रिमोट सोफ्यावर पडला होता.

घरी साइटवाल्याचं मेल होतं. ब्रो, या रविवारी लावतोय, बुधवारपर्यंत तिसरा रकाना पाठव, नाहीतर राहू दे. तो दिवस बुधवारच होता.

मी वही उघडली आणि पांढऱ्या डब्याचा रकाना भरला. सतरा, सतरा, सतरा, सतरा, सतरा. वेळेत दोन मिनिटं अकरा पूर्णांक चार, पाचही ओळींत. मग ते फार सारखं दिसलं म्हणून दोन ठिकाणी चाराचं तीन केलं. पांढरा आणि काळा दोन्ही मोठे डबे, मग त्यांत सारखंच असणार, असं मी स्वतःला समजावलं. भैयाचं टाइमिंगबद्दलचं म्हणणं घातलं नाही, कारण चूक त्याची होती. मग मी मेल पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर, भारी ब्रो.

शुक्रवारी बाबा कामावरून आले. वही टीव्हीजवळ पडली होती, विहारातून आलेल्या दिनदर्शिकेच्या खाली. त्यांनी चष्मा लावून ती चाळली. मी समोर बसून भाजी निवडत होते.

"हा तिसरा रकाना तू एका दमात भरला," ते म्हणाले.

"नाही."

"शाई एक, दाब एक. आन् हे आकडे पाय." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "हातानं मोजलं का आकडा हालते. हा हालला नाही. हा जिथल्या तिथं उभा आहे."

"पांढरा डबा चांगला आहे, बाबा. म्हणून सारखं येतं."

"असन. मंग मले एवढं सांग, वेळ कोनं घेतली? तुही आई तं गेली नव्हती साहेबाकडं."

आई आतून म्हणाली, "मी कायले जाईन?"

माझ्या हातातली मेथीची काडी मी इतकी बारीक तोडली की ती भाजीत घालता आली नसती. खोटं बोलायला दुसरं वाक्य लागतं, आणि ते मला वेळेवर सापडत नाही. मी म्हटलं, "त्याला बुधवारी हवं होतं. नाहीतर त्याने घेतलंच नसतं. कुणाला कळणार आहे बाबा? एक गेम आहे. तुमचा माल नाही."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली. "आमच्या कागदावर तपासलं नाही असा शेरा मारता येते," ते म्हणाले. "त्याच्यावर सही होते. त्यानं कोनाची नोकरी जात नाही. हे जे तू केलं ना, त्यानं जाते." आणि हातपाय धुवायला गेले.

मी रात्रभर बाबांवर चिडून होते. महिनाभर मीच खपले होते. काळ्या डब्याचे पाच आकडे खरे, हातातल्याचे पाच खरे. पंधरांतले दहा खरे होते, आणि यांना दिसले ते पाच. सकाळी उठल्यावर मात्र मला सारखा आईच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा दिसायला लागला, मोबाइलच्या काचेवर उमटलेला. त्या तिसऱ्या रकान्यात तिची वेळ आहे असं मी लिहिलं होतं. तिने घेतली नव्हती.

शनिवारी साडेअकरा वाजता मी बंगल्यावर गेले. भैया रविवारी परत जाणार होता हे मला माहीत होतं. या वेळी मी मनात काही म्हणून पाहिलं नाही. दार उघडल्याबरोबर म्हटलं, "मला खेळायचं आहे. मी स्वतः." मराठीत म्हटलं, हिंदी आठवलीच नाही.

भैयाला कळलं. "तो उस दिन क्यों नहीं बोली?" तो म्हणाला. "मैं तो सोचा तुझे आता ही नहीं. बैठी बैठी लिख रही थी, मास्टरनी जैसी."

त्याने डबा लावून दिला, रिमोट माझ्या हातात दिला आणि समोर बसून नाश्ता करायला लागला. मी तिसरं गाणं लावलं. पहिले काही ठिपके बरोबर गेले. मग खरड. मग पुन्हा खरड. मी दाबत होते ते बरोबर होतं, पण आवाज बोटामागून येत होता, कणभर, पाठीमागून चालणाऱ्या माणसासारखा. एक मिनिट झालं नाही तोच गाणं तुटलं. भैया जिथे तुटत होता तिथेच.

"बोला था ना," तो तोंडात पोहे धरून म्हणाला.

तो बोलला होता. मी खुर्चीत बसून त्याला मनातल्या मनात मोजता येत नाही म्हणत होते, आणि तो मला पांढऱ्या डब्याची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगत होता, लिख दे म्हणत होता. डबा उशिरा ऐकवत होता की तो मोठा चपटा टीव्ही, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. घरी आमचा टीव्ही जुना, खोक्याचा, त्यावर असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्यांदा तुटलं. तिसऱ्यांदा मी आवाज ऐकायचंच सोडून दिलं आणि फक्त ठिपके बघून खेळले. चौथ्यांदा सव्वा मिनिट ओलांडलं. पाचव्यांदा गाणारा थांबला आणि ते आले. मी मोजले. एकोणीस. सतरा नाही, एकोणीस. शेवटी एक निळा आणि एक हिरवा जास्तीचा होता, माझ्या बोटांना त्यांची सवयच नव्हती, तरी कसे कोण जाणे दाबले गेले.

"ओए," भैया म्हणाला. ताट खाली ठेवलं त्याने.

मी लगेच परत लावलं. अजून चारदा मोजायचं होतं. एवढ्यात फॅक्टरीचा भोंगा झाला आणि पाच मिनिटांत बाहेर गाडी थांबली. साहेब जेवायला आले होते. काकू पदराला हात पुसत आल्या, "बेटा, पापा न्यूज़ देखेंगे," आणि भैयाने, काही वाईट न वाटून घेता, डबा बंद केला. मी उभी राहिले. साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "किसकी बेटी है?" मी बाबांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, वो. बड़ा किचकिच करता है काम में तेरा बाप." हे कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही. काकूंनी मोरांचं कव्हर घातलं.

घरी येऊन मी वहीतल्या तिसऱ्या रकान्यावर एक सरळ रेघ मारली, आकडे खालून वाचता येतील अशी. शेजारी लिहिलं, एकोणीस, एकदाच पाहिलं. वेळ घेतली नाही. आवाज मागून येतो, कारण माहीत नाही. मग साइटवाल्याला मेल लिहिलं. तिसरा रकाना मी न मोजता भरला होता, तो काढ, त्याजागी हे घाल. मी इंग्रजी चारदा तपासलं.

उत्तर संध्याकाळी आलं. ब्रो, पान तयार झालंय. आणि हे एकदाच वगैरे लिहिलं तर लोक हसतील. पूर्ण टेबल जास्त छान दिसतं.

रविवारी ती तुलना लागली. माझी वाक्यं होती, माझे रकाने होते, वर माझं ते खोटं नाव होतं. तीनही रकाने भरलेले आणि सरळ. खाली पहिलीच प्रतिक्रिया, हा माणूस काम करतो. दुसरी, शेवटी कुणीतरी नीट मोजलं. मी खाली लिहिलं की पांढऱ्या कन्सोलचे आकडे चुकीचे आहेत, मीच ते लिहिले, आणि खरा एकच आकडा माझ्याकडे आहे. तासाभराने पाहिलं तर माझी प्रतिक्रिया काढून टाकलेली. परत लिहिली. परत काढली. तिसऱ्यांदा लिहायला गेले तर मला आत जाता येईना.

"लागलं?" बाबांनी विचारलं.

"लागलं."

"बरोबर लागलं?"

"नाही."

"वही कुठं आहे?" ते म्हणाले. मी दिली. त्यांनी रेघ मारलेला रकाना पाहिला, बाजूचा शेरा वाचला, आणि वही परत दिली. आई आतून म्हणाली, "लावनं तं. दोन दिवस झाले, वाजलंच नाही घरात." मला त्या दिवशी ते गाणं ऐकायचं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. त्यांचं सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मी मैदानाच्या अलीकडून पाहत होते. शोकेस आडवी करून नेली. डबा कुठल्या खोक्यात होता कोण जाणे. ती साइटही पुढे दोन वर्षांत बंद पडली, माझ्या खोट्या रकान्यासकट. बंद पडली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की आता ते दुरुस्त करायलाही जागा उरली नाही.

मागच्या वर्षी भाताच्या रोवणीच्या दिवसांत एका दुपारी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. कुणीतरी पांढऱ्या डब्यावर तेच गाणं पूर्ण खेळून दाखवलं होतं. मी वही काढली. ती अजून माझ्याकडे आहे. गाणारा थांबला, मी मोजलं आणि आकडा एका सुट्या कागदावर लिहिला. अठरा. परत मागे नेऊन मोजलं. अठरा, सतरा, अठरा, अठरा. एकोणीस एकदाही नाही.

मी बाबांना फोन लावला. निवृत्त झाल्यापासून ते आसगावला असतात, काकांबरोबर धानाचं बघतात. मागे बायांचा रोवणीतला गलका ऐकू येत होता.

"बाबा, एकोणीस नव्हते. अठरा होते."

"काय अठरा?"

मी सांगितलं. त्यांना आठवायला क्षणभर लागला. मग म्हणाले, "किती वेळा मोजलं?"

"पाच वेळा. पाचही लिहिले. एकदा सतरा आलं, तेही खोडलं नाही."

"कशावर मोजलं?"

"मोबाइलवर. कुणाचा तरी व्हिडिओ आहे."

"मंग खेळला कोन?"

"कुणीतरी. मला माहीत नाही."

"मंग ते तुहं मोजनं नाही ना," बाबा म्हणाले. "त्यानं दाखवलं तेवढं तू पाहलं. डब्बा कोनता, टीवी कोनती, का मधात कापलं, तुले काय माहीत?"

"बाबा, तो डबा आता मिळत नाही. मिळाला तर तो गेम मिळत नाही. मी किती दुकानांत विचारलं आहे माहीत आहे?"

"असन. मी कुठं नाही म्हनून राहिलो."

"मग काय लिहू मी?"

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली, पऱ्हं संपलं म्हणून. रोपांची पेंढी घेऊन ते चालायला लागले असावेत, चिखलात पाय पडल्याचा आवाज येत होता.

"जे हाय तेच राहू दे," ते म्हणाले. "एकदाच पाहलं, असं लिवलं आहे ना तू? ते तं खरं आहे. चाल, ठेवतो."

फोन ठेवून मी वहीत पाहिलं. रेघ मारलेले पाच सतरा, शेजारी एकोणीस. तिसऱ्या रकान्याखाली जागा भरपूर आहे. मी पेन काढलं, अठरा लिहायला घेतलं, आणि नुसती तारीख घालून वही मिटली.